कोल्चिसिन बनू देत नाही, टॅक्सॉल मोडू देत नाही. मग परिणाम एकच कसा?

तुझा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. तू चिकोडीकडचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आजोबांच्या पायाचा अंगठा युरिक ॲसिडमुळे सुजला की डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात. मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी बेळगावात पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे टॅक्सॉल, चालू आहे. तू पुस्तकात वाचलंस की कोल्चिसिन मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीतल्या प्रोटीनच्या बारीक नळ्या, बनू देत नाही आणि टॅक्सॉल त्यांना मोडू देत नाही. एक पाडणारं, एक टिकवणारं, आणि तरी दोघांपुढे लिहिलंय ‘पेशीविभाजन थांबतं’. हे कसं? बरं, दोन्ही विभाजन थांबवतात तर केस मावशीचेच का गेले, आजोबांचे का नाहीत? मावशीच्या पायांना मुंग्या का येतात? आणि गल्लीत सांगतात तशी सदाफुलीची पानं द्यावीत का?

मी बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवते, सायटॉलॉजीची, म्हणजे पेशींच्या अभ्यासाची, प्रॅक्टिकलं बरीच वर्षं घेते आहे. डॉक्टर नाही. त्यामुळे पेशीत काय घडतं ते बिनधास्त सांगेन. औषध किती, कधी, बंद करायचं का, हे मावशीच्या आणि आजोबांच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

तुझी खरी अडचण औषधांत नाही, तुझ्या वहीतल्या तक्त्यात आहे. तो तक्ता मला न बघताही माहीत आहे: मायक्रोट्यूब्यूल 25 नॅनोमीटर जाड, ट्यूब्युलिनचे, इंटरमीडिएट फिलामेंट 10 नॅनोमीटर, केराटिन वगैरेचे, मायक्रोफिलामेंट 7 नॅनोमीटर, ॲक्टिनचे. कामं: आकार, आधार, हालचाल. यातलं काहीच चूक नाही. फक्त त्या तक्त्यात वेळ नाही. एकेक तंतू किती वेळ टिकतो हा रकानाच कुणी आखत नाही. तो नसला की मनात घराच्या वाशांसारखं काहीतरी उभं राहतं, आणि मग वासे काढणं आणि वासे पक्के करणं ही उलट कामं वाटणारच.

तो रकाना आपण भरू. मायक्रोट्यूब्यूल ही आतून पोकळ नळी. तिची वीट म्हणजे अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनची जोडी, लांबी 8 नॅनोमीटर. जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो आणि साधारण 13 धागे शेजारी शेजारी लागून नळी. बीटा ट्यूब्युलिन येताना सोबत जीटीपी या इंधनाचा रेणू घेऊन येतं आणि नळीत बसल्यावर थोड्या वेळाने त्यातला एक फॉस्फेट तोडून त्याचं जीडीपी करून टाकतं. नळीच्या टोकाला नव्या, जीटीपीवाल्या जोड्यांचं टोपण असेपर्यंत नळी वाढत राहते. टोपण गेलं की आतल्या जीडीपीवाल्या जोड्या सरळ राहायला तयार नसतात. धागे बाहेरच्या बाजूला वळतात आणि नळी टोकाकडून उलगडत कोसळते. वाढण्याचा वेग मिनिटाला काही मायक्रोमीटर, कोसळण्याचा त्याच्या कितीतरी पट. मध्येच एखादी नळी पुन्हा टोपण मिळवते आणि वाढायला लागते. शेजारी शेजारी असलेल्या दोन नळ्यांतली एक वाढत असते, दुसरी कोसळत असते, आणि दोघी असतात एकाच पेशीत, एकाच द्रवात. 1984 मध्ये मिचिसन आणि कर्शनर यांनी हे दाखवलं. याला डायनॅमिक इन्स्टेबिलिटी म्हणतात. परीक्षेत हा शब्द दोन मार्कांना येतो, पण अख्ख्या विषयाची किल्ली तोच आहे.

आता तो राहिलेला रकाना: विभाजन न करणाऱ्या पेशीत मायक्रोट्यूब्यूलचं अर्धायुष्य साधारण 5 ते 10 मिनिटं. विभाजनाच्या वेळी स्पिंडलमधल्या (गुणसूत्रं वाटणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यातल्या) बहुतेक नळ्यांचं एक मिनिटाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे मायक्रोस्कोपखाली ‘स्थिर’ दिसणारा स्पिंडल मिनिटामिनिटाला नव्याने बांधला जात असतो.

पेशीला एवढी उठाठेव कशाला हवी? कारण गुणसूत्रं कुठे आहेत हे नळीला ठाऊक नसतं. विभाजन सुरू झालं की माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे 92 कायनेटोकोअर (गुणसूत्रावरची नळी धरायची जागा), पेशीभर विखुरलेले. दोन्ही ध्रुवांवरून, म्हणजे पेशीच्या दोन टोकांकडून, नळ्या सुटतात, अंदाजाने. विहिरीत घागर पडली की आपण गळ सोडतो तसं समज. गळ खाली जातो, काही लागलं नाही की वर ओढायचा, थोडा सरकवून पुन्हा सोडायचा. घागर कडीत सापडेपर्यंत हेच. आता दोन माणसं तुझी खोडी काढतात. एकाने दोर तोडून टाकला. दुसऱ्याने पहिल्याच फेकीत दोर आहे तिथे गच्च बांधून टाकला, आता तो वर येत नाही. पहिल्याकडे दोर नाही, दुसऱ्याकडे भरपूर दोर आहे, घागर मात्र दोघांचीही विहिरीतच. कोल्चिसिन हा पहिला, टॅक्सॉल हा दुसरा.

रेणूंच्या भाषेत सांगायचं तर कोल्चिसिन सुट्या ट्यूब्युलिनच्या जोडीत अल्फा आणि बीटाच्या सांध्यात जाऊन बसतं. तशी बाधित जोडी नळीच्या टोकाला लागली की पुढची वाढ अडते. टॅक्सॉल तयार नळीत, बीटा ट्यूब्युलिनच्या आतल्या अंगाला बसतं आणि धागे एकमेकांना धरून ठेवतं. एक गोष्ट मुलांच्या नजरेतून नेहमी सुटते: डोस कमी असेल तर दोन्ही औषधांनी पेशीतल्या नळ्यांची एकूण संख्या फारशी बदलतही नाही. बदलतं ते वाढणं-कोसळणं, दोन्हींत ते मंदावतं. म्हणजे ‘उलट’ परिणाम ठळक दिसतो तो मोठ्या डोसला. कमी डोसला दोघं एकाच दिशेने चालतात.

नळी गुणसूत्राला लागल्यावरही काम संपत नाही. ॲनाफेजमध्ये, म्हणजे दोन प्रती वेगळ्या होतात त्या टप्प्यात, गुणसूत्रं ध्रुवाकडे जातात ती नळ्या कायनेटोकोअरपाशी मोडत जातात म्हणून. मोडणंच बंद केलं तर ओढणार कोण? आणि पेशीत एक पहारा असतो, स्पिंडल चेकपॉइंट. एक कायनेटोकोअर जरी सुटा राहिला तरी हा पहारा ॲनाफेजला परवानगी देत नाही. म्हणून दोन्ही औषधांत पेशी मेटाफेजच्या, म्हणजे गुणसूत्रं मध्यभागी ओळीत येण्याच्या, आधी-आसपास ताटकळते.

टॅक्सॉल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून निघालं. त्याची रचना 1971 मध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी प्रसिद्ध केली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे वर्गात सांगितलं की मुलं जरा ताठ बसतात. ते ट्यूब्युलिनवर नेमकं काय करतं हे मात्र 1979 मध्ये सुसान हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. तोवर माहीत असलेली या जातीची विषं नळ्या मोडणारी होती. नळ्या टिकवून पेशी मारणारा पदार्थ हा त्या काळी चक्रावणारा प्रकार होता. त्यामुळे तुला पडलेला प्रश्न फालतू नाही.

हे पुस्तकातून न पटता डोळ्यांनी पटवायचं असेल तर कांद्याची मुळं घे. कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडून तो पाण्याच्या बाटलीवर ठेवला की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं येतात. अर्धी मुळं तशीच फिक्स कर, म्हणजे पेशी आहेत तशा थिजव: तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक ॲसिड. अर्धी मुळं आधी 24 तास थर्मासमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेव, मग फिक्स कर. थंडीने मायक्रोट्यूब्यूल आपोआप सुटतात, त्यामुळे इथे विष लागतच नाही. (लॅबमध्ये आम्ही 8-हायड्रॉक्सिक्विनोलिन किंवा पॅराडायक्लोरोबेंझीन वापरतो. कोल्चिसिन मी मुलांच्या हातात देत नाही.) पुढे नेहमीचंच: हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये नरम करणं, ॲसिटोकार्मिन, टोकाचा दुधी दिसणारा दीड-दोन मिलिमीटर तेवढाच ठेवून बाकी मूळ फेकून देणं, कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके ठोके, आणि टिपकागदाखाली अंगठ्याने दाब. दाबताना कव्हरस्लिप सरकली की स्लाइड गेली.

पहिल्या स्लाइडमध्ये सगळं पुस्तकासारखं: मध्यभागी ओळीत उभी गुणसूत्रं, कुठे व्ही आकारात दोन बाजूंना निघालेली. बर्फातल्या स्लाइडमध्ये ॲनाफेज शोधून सापडत नाही. कांद्याची 16 गुणसूत्रं पेशीभर विस्कटलेली, आखूड, जाड. दोन भुजा सुटलेल्या पण मध्ये अजून चिकटलेल्या, म्हणून इंग्रजी एक्ससारखी. मोजायला मात्र ती फार सोपी असतात, म्हणून तर गुणसूत्रं मोजणारे आधी स्पिंडल मारून घेतात.

आणि एक गाऱ्हाणं. जर्नलमध्ये मुलं कांद्याच्या मेटाफेजमध्ये स्पिंडलच्या रेघा फुटपट्टीने ओढतात. मी विचारते, दिसल्या का? दिसत नाहीत. ॲसिटोकार्मिन गुणसूत्रांना रंगवतं, नळ्यांना नाही, आणि त्या फिक्सेटिव्हमध्ये नळ्या धड टिकतही नाहीत. जे दिसलं तेवढंच काढा, असं मी सांगते. बाहेरचे परीक्षक मार्क कापतील ही भीती मुलांना सोडत नाही. याच कारणाने जुन्या काळी स्पिंडलचे धागे खरे की रसायनांनी तयार झालेला भास, यावर शास्त्रज्ञांतही वाद होता. शिन्या इनोए यांनी 1950 च्या दशकात पोलराइज्ड प्रकाशात जिवंत पेशीतला स्पिंडल दाखवला तेव्हा तो मिटला. थंडी दिली की स्पिंडल विरघळतो, ऊब दिली की परत उभा राहतो, हेही त्यांनीच दाखवलं. थंड ऑस्मियम या जुन्या फिक्सेटिव्हऐवजी ग्लुटराल्डिहाइडने फिक्स करायला लागल्यावर, 1963 मध्ये, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वनस्पतींच्या पेशीत नळ्या स्वच्छ दिसल्या. तोवर थंड फिक्सेटिव्हनेच त्या जात होत्या.

आता परिणाम कशाकशावर अवलंबून आहे त्या भागाकडे येते, कारण आजोबा-मावशीचं उत्तर तिथे आहे.

एक, डोस. आजोबांची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, रोजच्या एक-दोन. एवढ्यात रक्तातली पातळी विभाजन थांबवण्याइतकी जात नाही. पण न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत कोल्चिसिन साठून राहतं, कारण ते बाहेर फेकणारा पंप त्यांच्यात जवळजवळ नसतो. अंगठ्याच्या सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक टोचतात, त्यांच्यावर तुटून पडायला न्यूट्रोफिल निघतात, आणि सूज-ठणका होतो तो या हल्ल्याने. त्या पेशींच्या हालचालीला आणि हल्ल्याच्या यंत्रणेला मायक्रोट्यूब्यूल लागतात. कोल्चिसिन हल्ला थंड करतं. युरिक ॲसिड कमी करत नाही. म्हणून त्यासाठी बहुधा दुसरी गोळी असते. केस जात नाहीत ते केवळ डोस लहान आहे म्हणून. तोच डोस चुकून बराच वाढला तर आधी उलट्या-जुलाब, मग काही दिवसांत रक्तपेशी घसरतात, आणि त्यातून वाचलेल्या माणसाचे पुढे केसही गळतात: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं, म्हणजे जिथे पेशी सतत विभागतात त्या सगळ्या जागा. मावशीला होणाऱ्या त्रासांशी ही यादी जुळवून बघ. आजोबांची किडनी कमी काम करत असेल, किंवा छातीच्या संसर्गासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर कोल्चिसिन शरीरात साचतं. नव्या डॉक्टरकडे जाताना या गोळीची पट्टी सोबत न्यावी, एवढं मी नक्की म्हणेन.

दोन, अडकलेल्या पेशीचं पुढे काय होतं हे तिच्या जातीवर आहे. आपल्या काही पेशी तिथेच मरतात. काही कंटाळून विभाजन अर्धवट सोडतात आणि दुप्पट गुणसूत्रं घेऊन बसतात. गाठीतल्या टॅक्सॉलबद्दल अलीकडचं संशोधन आणखी वेगळं सांगतं: तिथे औषधाची पातळी पेशी थांबवण्याइतकी नसते, पण स्पिंडलला दोनाऐवजी तीन-चार ध्रुव फुटतात, गुणसूत्रं वेडीवाकडी वाटली जातात, आणि त्या गोंधळात पेशी मरतात. म्हणजे ‘विभाजन थांबतं’ हे पुस्तकी वाक्य मावशीच्या बाबतीत कदाचित अर्धंच खरं आहे. वनस्पतींत मात्र दुप्पट गुणसूत्रांची पेशी सहसा आनंदाने जगते, म्हणून 1937 पासून कोल्चिसिन पॉलिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच असलेली, वाणं करायला वापरतात. बिनबियांचं कलिंगड असंच: कोल्चिसिनने चार संचांचं झाड करायचं, त्याचा साध्या झाडाशी संकर, त्यातून तीन संचांचं बी, आणि ते लावून आलेल्या कलिंगडात बिया धरत नाहीत. अथणीकडची मुलं लगेच विचारतात, मग आमची सीडलेस द्राक्षं? नाही. थॉम्पसन सीडलेसमध्ये दोनच संच असतात. तिथे फलन होतं, पण बी कोवळं असतानाच वाढायचं थांबतं. तिथे कोल्चिसिनचा संबंध नाही.

तीन, ट्यूब्युलिन कुणाचं. वनस्पतींच्या ट्यूब्युलिनला कोल्चिसिन आपल्यापेक्षा फार कमी चिकटतं, म्हणून कांद्याला जेवढं लागतं तेवढ्यात माणूस दगावेल. हे सांगायचं खास कारण म्हणजे कळलावी. खानापूरकडे पावसाळ्यात कुंपणांवर चढलेली दिसते: पानाचं टोकच वळून वेलीचा तणावा झालेलं, ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुलं, गौरी-गणपतीच्या दिवसांत ऐन बहरात. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, आणि कंद दिसतो रताळ्यासारखा. बेळगावच्या आसपास एवढी रताळी पिकतात, त्यामुळे हे मी प्रत्येक वर्गाला सांगते. प्रयोगासाठीसुद्धा तो कंद खणून घरी आणायचा नाही.

याच तिसऱ्या मुद्द्याची दुसरी बाजू तुमच्या शेतात आहे. उसाची टिपरी लावण्याआधी कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवतात ना? ते बुरशीच्या बीटा ट्यूब्युलिनला धरतं, उसाच्या नाही. शाळेत जंताची गोळी मिळायची, 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, ती त्याच घराण्यातली. ती जंताच्या बीटा ट्यूब्युलिनला आपल्यापेक्षा घट्ट धरते, शिवाय आतड्यातून रक्तात फारशी उतरत नाही. बुरशीवर तेच औषध वर्षानुवर्षं मारलं की ‘लागू पडेनासं झालं’ म्हणतात. कित्येकदा त्याचं कारण बीटा ट्यूब्युलिनमधलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, 198 व्या किंवा 200 व्या जागेवरचं. साडेचारशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या साखळीत एक मणी बदलतो आणि फवारणी वाया जाते. आजोबांची गोळी, मावशीचं सलाईन, जंताची गोळी, टिपऱ्यांचं औषध: चारही एकाच प्रोटीनवर. मला विचारशील तर सायटोस्केलेटनचा, म्हणजे पेशीतल्या या तंतूंचा, धडा इथूनच सुरू करायला हवा.

आता मावशीच्या पायाच्या मुंग्या. चेतापेशी विभागत नाहीत, मग विभाजनावरच्या औषधाचा त्यांना त्रास का? कारण मायक्रोट्यूब्यूलचं दुसरं मोठं काम वाहतूक. पायाच्या अंगठ्याची संवेदना नेणाऱ्या चेतापेशीचा गोळा, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, कण्याजवळ असतो, आणि तिचा तंतू तिथून अंगठ्यापर्यंत, सुमारे एक मीटर. प्रोटीनं मुख्यतः गोळ्यात बनतात. ती पिशव्यांत भरून कायनेसिन नावाचं मोटर-प्रोटीन मायक्रोट्यूब्यूलवरून चालत नेतं: इंधनाचा एक रेणू (एटीपी), एक पाऊल, 8 नॅनोमीटर. तोच आकडा, एका ट्यूब्युलिन जोडीची लांबी. परतीचा माल डायनीन आणतं. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर, म्हणजे कण्यातून निघालेला माल अंगठ्याला पोचायला अडीच ते पाच दिवस. त्या रस्त्याची नेहमीची घडण बिघडली की सगळ्यात आधी मार बसतो सर्वांत लांब तंतूंना, म्हणून मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात, मग हाताची बोटं. हे एकमेव कारण नाही, टॅक्सॉल चेतापेशींना आणखीही काही प्रकारे त्रास देतं, पण पाय आधी का, याचं उत्तर लांबीत आहे. मावशींना सांग की मुंग्या, बधिरपणा, बटण लावताना अडचण, चालताना तोल जाणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या सलाईनच्या आधी डॉक्टरांना सांगायचं. ‘एवढ्यासाठी काय सांगायचं’ म्हणून बायका गप्प बसतात. डोस किंवा अंतर बदलायचा निर्णय याच माहितीवर होतो.

ॲक्टिनबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण तपासाची रीत शिकण्यासारखी आहे म्हणून थोडं लिहिते. तळ्यातल्या हायड्रिलाचं कोवळं पान पाण्यात ठेवून मध्यशिरेजवळच्या पेशी बघ. दिव्याच्या उबेने काही मिनिटांत हरितलवकं भिंतीच्या कडेकडेने एकामागे एक फिरायला लागतात. पेशीच्या कोपऱ्यावर एखादं जरा अडखळतं, मागचं त्याला गाठतं, मग दोन्ही वळून पुढच्या भिंतीला लागतात. कारा हे शेवाळ मिळालं तर उत्तमच, त्यात प्रवाहाचा वेग सेकंदाला 50 ते 100 मायक्रोमीटर असतो. आता हे फिरणं कशावर? मायक्रोट्यूब्यूलवर असतं तर कोल्चिसिनने थांबायला हवं, थांबत नाही. ॲक्टिन मोडणाऱ्या सायटोकॅलेसिनने थांबतं. म्हणजे रस्ता ॲक्टिनचा, आणि त्यावरून चालणारं मायोसिन, तुझ्या दंडाच्या स्नायूतल्या मायोसिनचं नातेवाईक. ॲक्टिनही असंच बनत-मोडत असतं, फक्त इंधन जीटीपीऐवजी एटीपी.

इंटरमीडिएट फिलामेंटवर मी फार वेळ घालवत नाही. दोरखंडासारखे, ताण सोसणारे, दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे त्यांच्यावरून मोटर-प्रोटीनं चालत नाहीत. कातडीतलं केराटिन बिघडलं तर साध्या घासण्याने फोड येतात, असा आनुवंशिक आजार आहे. मावशींच्या बायोप्सीच्या कागदावर सायटोकेराटिन असा शब्द असेल तर तो यातलाच: गाठ कुठल्या जातीच्या पेशीची हे ओळखायला त्याचा उपयोग होतो. वनस्पतींच्या पेशीद्रवात हे तंतू नसतात, तरी गाइडांमध्ये ‘सर्व दृश्यकेंद्रकी पेशींत’, म्हणजे केंद्रक असलेल्या सगळ्याच पेशींत, असं छापलेलं असतं. तेवढं खोड.

परीक्षेत लिहायचं तर क्रम असा ठेव: नळीची रचना, जीटीपीचं टोपण, वाढणं-कोसळणं, मग दोन औषधं आणि दोघांनीही ते वाढणं-कोसळणं कसं अडतं. तक्ता शेवटी, जागा उरली तर.

राहिली सदाफुली. गल्लीत सांगतात त्यात सत्याचा धागा आहे. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं सदाफुलीतूनच निघाली, आणि तीही ट्यूब्युलिनलाच धरतात, कोल्चिसिनसारखी नळ्या बनू न देण्याच्या बाजूने. पण एक ग्रॅम विनब्लास्टिन काढायला शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि ते शिरेतून, मोजून दिलं जातं. चार पानं चावून कॅन्सरवर चालेल एवढं औषध पोटात जात नाही. जातात ती पानातली बाकीची कितीतरी अल्कलॉइडं, न मोजलेली. त्यातली काही रक्तातली साखर आणि रक्तदाब खाली आणतात. शिवाय विनक्रिस्टिनसारख्या औषधानेही पायाला मुंग्या येतात, आणि मावशींच्या मुंग्या आधीच सुरू झाल्या आहेत. पानं देऊ नका. कुणी आधीच दिली असतील तर किती आणि केव्हा, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना न लाजता सांगा.